स्पेनची पिस्तुले आणि त्यांची मॅगझिने



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा किमान वेतन, कंत्राटी पद्धत किंवा फार तर कामगार चळवळीचा इतिहास अशी असावी. आम्ही ‘स्पेनची जुनी लष्करी पिस्तुले’ असे सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग हळूच म्हणाले, “पोलिस चौकीत कळवावे लागेल का हो?” तशी काही गरज नाही. आमच्या खिशात एक पेन आणि लोकलचा पास आहे. पिस्तूल आम्ही आयुष्यात एकदाही चालवलेले नाही. आमचा संबंध आला तो पत्र्याच्या एका चौकोनी डबीशी, म्हणजे पिस्तुलाच्या मॅगझीनशी. आणि तोही खडकी बाजारातल्या एका रद्दीच्या दुकानात मिळालेल्या जुन्या इंग्रजी पुस्तकामुळे. शाळा आमची नववीत सुटली. इंग्रजी आम्ही शिकलो ते करारनामे आणि चौकशीचे कागद वाचता यावेत म्हणून, शब्दकोश मांडीवर घेऊन. त्याच शब्दकोशाने हे पुस्तकही वाचले. वाचता वाचता असे दिसले की पुस्तक पिस्तुलांचे असले तरी गोष्ट आमच्याच धंद्यातली आहे.

मराठी माणसाला अशा पिस्तुलाची ओळख फार जुनी आहे. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडल्या, हे आपल्यापैकी सर्वांना ठाऊक आहे. ते पिस्तूल ब्राउनिंग जातीचे होते. लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये स्वयंपाक करणारा चतुर्भुज अमीन याने ट्रंकेच्या चोरकप्प्यातून अशी वीस पिस्तुले हिंदुस्थानात आणली होती. खटला झाला, कान्हेरे, कर्वे व देशपांडे हे तिघे 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले, आणि ब्राउनिंग हे नाव घराघरांत पोहोचले. ब्राउनिंग हा अमेरिकन कारागीर. त्याची ही पिस्तुले बेल्जममध्ये हेरस्टाल या गावच्या कारखान्यात तयार होत. त्याच्याच नमुन्याची नक्कल करून स्पेनमधल्या एका डोंगरी गावाने पुढे लाखांनी पिस्तुले काढली. आजची हकीकत त्या गावाची आहे.

आधी मॅगझीन म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण माताभगिनींपैकी कित्येकींना आणि बंधूंपैकीही बऱ्याच जणांना ते ठाऊक असण्याचे कारण नाही. जुन्या रिव्हॉल्व्हरात काडतुसे फिरत्या चक्रात असतात. आपोआप भरल्या जाणाऱ्या पिस्तुलात ती एका पत्र्याच्या डबीत एकावर एक रचलेली असतात. डबीच्या तळाशी स्प्रिंग, स्प्रिंगीवर एक पत्री. ती काडतुसांना सतत वर ढकलत असते. वरच्या तोंडाला पत्र्याच्या दोन्ही कडा आत वळवलेल्या असतात. त्यांना कारागीर ओठ म्हणतात. हे ओठ वरचे काडतूस अडवून धरतात. गोळी उडाली की धक्क्याने पिस्तुलाचा सरकता भाग मागे जातो, रिकामे नळकांडे बाहेर फेकतो, आणि पुढे येताना ओठांतले काडतूस ढकलून नळीत नेतो. हे सारे पापणी लवायच्या आत होते. आता ओठ केसभर जास्त उघडे राहिले तर काडतूस आधीच उसळते. केसभर जास्त मिटले तर अडकते. डबी एका बाजूला किंचित जाड झाली तर ती मुठीत शिरत नाही. पातळ झाली तर खाली घसरते. म्हणजे पोलादाची नळी कितीही उत्तम असो, सारा भरवसा त्या वाकवलेल्या पत्र्यावर. आमच्यापैकी ज्यांनी प्रेस चालवला आहे त्यांना पत्र्याचा स्वभाव सांगायला नको. डायमधून निघाला की तो थोडासा आपल्या जागी परत जातो, आणि किती परत जाईल हे त्या दिवशीच्या पत्र्यावर असते.

त्या गावाचे नाव एइबार. स्पेनच्या उत्तरेला बास्क लोकांचा मुलूख आहे, तिथल्या एका अरुंद खोऱ्यात ते वसले आहे. दोन्ही अंगांना डोंगर, मधून नदी, शेतीला जागा नाही. आपल्या नाणे मावळातल्या किंवा आंदर मावळातल्या माणसाला हे चित्र परके वाटणार नाही. फरक इतका की या खोऱ्याने शतकानुशतके बंदुका घडवल्या. मोठे कारखाने थोडे. बहुतेक काम घरोघरच्या लहान वर्कशॉपांत, कानस आणि शेगडी यांवर. एक घर नळ्या करी, दुसरे घर चाप, तिसरे लाकडी मूठ. आणि स्पेनच्या कायद्यात एक चमत्कारिक कलम होते: परक्या माणसाने पेटंट घेतले आणि तीन वर्षांत देशात माल काढला नाही, तर नक्कल करायला मोकळीक. एइबारच्या कारागिरांनी या कलमाचा मनापासून उपयोग केला.

नक्कल म्हटली की आपण नाक मुरडतो. पण याच गावात 1897 साली चारोला आणि अनितुआ या दोघांनी स्वतःचे आपोआप भरणारे पिस्तूल काढले होते. जगातले असे पिस्तूल म्हणून ते अगदी पहिल्या काहींमध्ये मोडते. गोळी फक्त पाच मिलिमीटरची, खेळण्यासारखी. त्याचे मॅगझीन मुठीत नसून चापाच्या पुढे होते. त्या काळी ही रीतच होती. जर्मनीचे 1896 चे माउझर पिस्तूलही तसेच. मूठ बारीक ठेवता येते हा त्याचा फायदा, आणि सारे वजन पुढे ओढते हा तोटा.

स्पेनच्या लष्कराने 1905 साली जे पिस्तूल स्वीकारले तेही चापापुढे मॅगझीन असणारेच, बर्गमान नावाच्या जर्मन गृहस्थांचे. सहा काडतुसांचे, काढता येणारे मॅगझीन. ऑर्डर तर मिळाली. पण बर्गमान ज्यांच्याकडून माल करवून घेत ती सोय तुटली, आणि अखेर हे काम बेल्जममधल्या पीपर या कारखान्याकडे गेले. एका सरकारची ऑर्डर, दुसऱ्या देशाचा संशोधक, तिसऱ्या देशाचे कामगार. पोटकंत्राट हा शब्द आपण गेल्या तीसेक वर्षांत शिकलो असे म्हणतो, ते खरे नव्हे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. 1914 साली पहिले महायुद्ध सुरू झाले. फ्रान्सला खंदकांतल्या शिपायांसाठी पिस्तुले हवी होती आणि स्वतःचे कारखाने रायफली-तोफांत गुंतलेले. एइबारच्या गाबिलोन्दो-उर्रेस्ती या पेढीने नुकतेच ‘रुबी’ नावाचे पिस्तूल बाजारात आणले होते. ब्राउनिंगची नक्कल, पण मॅगझीन लांब करून त्यात नऊ काडतुसे बसवलेली. तेवढी त्या मापाच्या नेहमीच्या पिस्तुलांत बसत नसत. फ्रेंच अधिकाऱ्यांना हे आवडले. 1915 मध्ये दरमहा दहा हजारांची ऑर्डर आली, पुढे ती तीस हजारांवर गेली. कानशीवर चालणाऱ्या गावाने महिन्याला तीस हजार पिस्तुले कशी द्यावीत? पेढीने आधी चार जणांना पोटकंत्राट दिले. मग ज्यांना कंत्राट मिळाले नाही त्यांनी परस्पर फ्रेंचांशी सौदे केले. पाहता पाहता डझनावारी वर्कशॉपे रुबी काढू लागली. फ्रान्सने युद्ध संपेपर्यंत सात लाखांच्या आसपास अशी पिस्तुले घेतली.

नमुना एक, नाव एक, काडतूस एक. पण गेज प्रत्येकाचे निराळे! कुणाची मूठ आतून अर्धा मिलिमीटर रुंद, कुणाचा मॅगझीन धरणारा खटका थोडा वर, कुणाचे ओठ जास्त वळलेले. एका वर्कशॉपचे मॅगझीन दुसऱ्याच्या पिस्तुलात शिरेना. शिरले तर काडतूस चढेना. कल्पना करा, खंदकातला एक शिपाई जखमी होऊन पडला, शेजाऱ्याने त्याचे भरलेले मॅगझीन उचलून आपल्या पिस्तुलात कोंबले, आणि ते अर्ध्यावर अडकले. दोघांच्याही हातांत रुबी, पण एका आळीतली नव्हे.

फ्रेंच लष्कराने यावर जो उपाय काढला तो आम्हांला फार बोलका वाटतो. प्रत्येक कारखानदाराला दोन अक्षरांची खूण ठरवून दिली. गाबिलोन्दो-उर्रेस्तीची ‘जी’ आणि ‘यू’. ती अक्षरे पिस्तुलाच्या सांगाड्यावरही ठोकायची आणि मॅगझीनच्या तळावरही. शिपायाने अक्षरे जुळवून मॅगझीन घ्यायचे. म्हणजे सगळ्यांना एक गेज देण्याऐवजी बेजुळणीला नाव दिले. गेज द्यायचे तर आधी महिना-दोन महिने माल थांबवावा लागला असता, आणि आघाडीवर दररोज माणसे मरत होती. त्या अधिकाऱ्यांच्या जागी आम्ही असतो तर कदाचित हेच केले असते. पण पुस्तके लिहिणारे पुढे काय म्हणाले ते पाहा: ‘एइबारचे कारागीर निष्काळजी.’ दर पडता, मुदत तुटपुंजी, पोलाद मिळेल ते, आणि दोष कानस धरणाऱ्या हाताचा!

येथे आम्हांला आमची एक आठवण सांगू द्या. वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मावळातल्याच एका लहान कारखान्यात पत्र्याच्या पकडी दाबून काढत आणि एका मोठ्या कारखान्याला पुरवीत. नावे सांगत नाही. प्रेसवर पवन मावळातला एक गडी होता, आठ वर्षांचा जुना. त्याच्या एका पाळीचा सगळा माल मोठ्या कारखान्याने परत पाठवला: पकड खाचेत बसत नाही. दुसऱ्या दिवशी गड्याच्या हातात आरोपपत्र, ‘जाणूनबुजून निष्काळजीपणा’, आणि फाटकाबाहेर. चौकशीत त्याच्या बाजूने आम्ही बसलो. पहिले दोन दिवस आम्ही त्याची वागणूक, त्याची हजेरी, त्याची मुलेबाळे हेच बोलत राहिलो, आणि चौकशी अधिकारी जांभया देत राहिले. तिसऱ्या दिवशी त्या गड्यानेच आमच्या कानात सांगितले, “भाऊ, गेज मागा.”

आम्ही गेज मागितले. मोठ्या कारखान्याचे गेज आणायला पाच दिवस लागले. दोन्ही गेजे टेबलावर ठेवली. लहान कारखान्याच्या गेजात परत आलेला प्रत्येक नग बिनतक्रार जात होता. मोठ्याच्या गेजात एकही जात नव्हता. लहानाचे गेज वर्षानुवर्षे घासून झिजले होते, आणि ते तपासायला पाठवण्याचा खर्च मालकाने वाचवला होता. गड्याने दर पन्नास नगांमागे एक तपासला होता, नियमाप्रमाणे. पण ज्याने तपासायचे तेच खोटे. चौकशी अधिकारी बराच वेळ ती दोन गेजे आलटून पालटून हातात घेत राहिले. गडी कामावर परत लागला. बाहेर राहिल्या दिवसांचा पगार मात्र निम्माच मिळाला, आणि पुढच्याच वर्षी मोठ्या कारखान्याने काम दुसरीकडे नेल्यामुळे ते वर्कशॉपच बंद पडले. मालकही आमच्याकडे येऊन रडला. त्यालाही दर परवडत नव्हता हे खरेच होते. तेव्हा आम्ही जिंकलो असे आमच्याने म्हणवत नाही. रद्दीतले ते पुस्तक आम्हांला त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मिळाले. रुबीचे पान वाचताना आम्ही थांबलो ते यासाठी.

असो. 1918 साली युद्ध संपले, ऑर्डरी बंद झाल्या, आणि एइबारच्या खोऱ्यात बेकारी आली. संप झाले. 1920 साली तिथल्या समाजवादी धातुकामगारांनी, संघटनेच्या आधाराने, स्वतःचा सहकारी कारखाना काढला. नाव ठेवले ‘आल्फा’. हत्यारांचाच कारखाना, कारण दुसरे काही येत नव्हते. पण पाच वर्षांत, 1925 साली, त्यांनी शिवणयंत्रे करायला घेतली, आणि ‘आल्फा’ हे नाव पुढे स्पेनभर शिवणयंत्रासाठीच ओळखले गेले. गंमत अशी की शिवणयंत्रातही सगळा खेळ गेजाचाच. सुई, बॉबिन, बॉबिनची डबी यांत केसभर चूक झाली तर टाका पडत नाही. घरी मशीन चालवणाऱ्या भगिनींना हे आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

हे वाचताना आम्हांला तळेगावची आठवण होते. 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला तो अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून, म्हणजे लोकांकडून एकेक पैसा गोळा करून, लोकमान्यांच्या पाठिंब्याने. पैसा फंड हे देशभक्तीचे काम होते आणि आल्फा हे बेकार कामगारांचे. दोन्ही एक नव्हेत. पण भांडवल नसलेल्या माणसांनी कारखाना काढण्याची हिंमत केली, एकाने सह्याद्रीच्या पायथ्याशी आणि एकाने बास्क डोंगरात, आणि तीही बारा वर्षांच्या अंतराने, याचे आम्हांला कौतुक वाटते.

एइबारच्या बाकीच्यांनी मात्र पिस्तुलेच चालू ठेवली. उन्सेता यांची पेढी 1913 सालीच जवळच्या गेर्निका गावी गेली होती. तिने ‘आस्त्रा’ या नावाने 1921 साली लष्करासाठी नवे पिस्तूल दिले, ते आस्त्रा 400. मॅगझीन मुठीत, आठ काडतुसांचे, एका ओळीचे. नळी आणि हा सांगाडा पाण्याच्या नळासारखा गोल असल्यामुळे ते दिसायला बेढब; पण रचना सरळ आणि बळकट. त्याबद्दल फार बोलण्यासारखे नाही. चांगल्या हत्याराबद्दल नसतेच.

बोलण्यासारखे आहे ते आस्त्रा 900 आणि तिच्या भावंडांबद्दल. 1920 नंतर चीनमध्ये प्रांतोप्रांतीचे सेनापती एकमेकांशी लढत होते, आणि तिथल्या गिऱ्हाइकाला जर्मन माउझरचा घाट फार प्रिय होता: चापापुढे पेटी, झाडूच्या दांड्यासारखी मूठ, आणि लाकडी म्यानच मागे जोडून खांद्याला लावायची सोय. उन्सेता यांनी 1928 च्या सुमारास तसाच घाट काढला. बाहेरून माउझर, आतून बरीचशी स्वतःची बुद्धी. यातले मॅगझीन काढता येत नसे. ते पिस्तुलाच्याच अंगाचा भाग. दहा काडतुसे एका पातळ पट्टीत अडकवलेली असत. ती पट्टी वरून खोबणीत उभी धरायची आणि अंगठ्याने सारी काडतुसे एकदम खाली दाबायची.

रुबीची रड ऐकल्यावर या बांधून टाकलेल्या पेटीचा फायदा ध्यानात येईल. ती हरवत नाही, वाकत नाही, आणि दुसऱ्याची लागते की नाही हा प्रश्नच उरत नाही. पण मग गिऱ्हाइकाला हाव सुटली. त्याला आपोआप एकामागून एक उडणारे पिस्तूल हवे झाले. 901 मध्ये एक कळ बसवली. ती फिरवली की चाप दाबून धरेपर्यंत गोळ्या चालूच. दहा गोळ्या एका सेकंदाच्या आत संपत! आणि संपल्यावर? पुन्हा पट्टी काढा, खोबणीत धरा, अंगठ्याने दाबा. घाट चढताना इंजिनाला कोळसा एका चमच्याने घालावा तसा हा प्रकार. म्हणून 902 मध्ये पेटी लांब करून वीस काडतुसांची केली. ती अजूनही न निघणारीच, आता दोन पट्ट्या दाबाव्या लागणार. अखेर 903 मध्ये त्यांनी हार मानली आणि दहाचे व वीसचे काढघाल होणारे मॅगझीन दिले. पाच वर्षांत, पायरीपायरीने, ती मंडळी जिथून निघाली होती त्याच डबीपाशी परत आली. स्पेनच्या सिव्हिल गार्ड पोलिसांसाठी 1935 च्या सुमारास ‘एफ’ नावाचे शेवटचे भावंड निघाले. त्यात मुठीच्या आत गोळ्यांचा वेग कमी करणारी यंत्रणा होती, म्हणजे निदान नेम धरायला सवड मिळावी. ही थोडीच, हजार-अकराशे निघाली.

नकलेची एक गोष्ट राहिली. स्पेनचा हा माल चीनमध्ये इतका खपला की मूळच्या माउझर कंपनीला 1930 नंतर स्वतःचे आपोआप उडणारे पिस्तूल काढावे लागले, वीस काडतुसांच्या सुट्या मॅगझीनसह. गुरूने शिष्याची वही पाहून लिहिले.

एइबारने आणखी एका गोष्टीत पहिला नंबर पटकावला. 14 एप्रिल 1931 रोजी पहाटे, माद्रिदच्याही आधी, या गावाने राजेशाही संपल्याचे जाहीर करून नगरपालिकेवर प्रजासत्ताकाचे निशाण लावले. पाच वर्षांनी यादवी युद्ध पेटले. एप्रिल 1937 मध्ये एइबारवर बॉम्ब पडून गावाचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. त्याच आठवड्यात, सोमवार 26 एप्रिलला, बाजाराच्या दिवशी, जर्मन आणि इटालियन विमानांनी गेर्निकावर बॉम्ब टाकले. ते चित्र पिकासोने काढले आणि जगाला ठाऊक झाले. बाजाराला आलेली माणसे मेली, घरे जळाली. आस्त्राचा पिस्तुलांचा कारखाना मात्र जवळजवळ जसाच्या तसा उभा राहिला, आणि काही दिवसांत ज्यांचे सैन्य गावात शिरले त्यांना तो चालू स्थितीत मिळाला.

युद्धानंतर नव्या राजवटीने पिस्तुले करण्याची परवानगी तीनच पेढ्यांना ठेवली: गेर्निकाची आस्त्रा, एइबारची स्टार, आणि गाबिलोन्दोची यामा. आल्फा चालू राहिली, पण तिचे सहकारी रूप गेले. आस्त्रा आणि स्टार 1997 च्या सुमारास बंद पडल्या. एइबारच्या ज्या जुन्या घराण्याने 1840 पासून बंदुका आणि रिव्हॉल्व्हरे केली, त्या ऑर्बेआ बंधूंचा कारखाना 1930 च्या सुमारास सायकलींकडे वळला, आणि 1969 मध्ये अडचणीत आल्यावर तिथल्या कामगारांनी तो सहकारी करून ताब्यात घेतला. तो आजही चालू आहे. रविवारी सकाळी आपल्या बोरघाटात पुण्या-मुंबईचे हौशी सायकलवाले येतात, हेल्मेट घालून. त्यांच्यापैकी कुणाच्या सायकलीच्या दांडीवर ‘ऑर्बेआ’ असे लिहिलेले दिसले, तर त्याला थांबवून अवश्य सांगा की हे नाव आधी रिव्हॉल्व्हरच्या नळीवर कोरत असत.

अध्यक्षांनी दोनदा घड्याळाकडे पाहिले आहे आणि पुण्याच्या लोकलची वेळ होत आली आहे. कोणाला काही विचारायचे असल्यास आम्ही स्टेशनपर्यंत चालत जाणार आहोत, बरोबर यावे.